पोलिसांविरुद्ध तक्रार: कुठे करायची, कोणते कागद लागतात आणि अर्ज कुठे अडतो

मारहाण झाली, पैसे मागितले, गुन्हा नोंदवून घेतला नाही, रात्रभर ठाण्यात बसवून ठेवलं. काहीही घडलं तरी लोक एकच अर्ज लिहितात आणि त्याच्या प्रती मुख्यमंत्र्यांपासून मानवी हक्क आयोगापर्यंत सगळीकडे धाडतात. तो अर्ज फिरत फिरत बहुधा त्याच पोलीस ठाण्यात ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ येऊन पडतो. ‘पोलिसांचं कोण काय वाकडं करणार’ हे मत इथेच पक्कं होतं. महाराष्ट्रात अशा तक्रारींसाठी जागा वेगवेगळ्या आहेत आणि मुदतीही वेगवेगळ्या. त्या आधी समजून घ्या, मग अर्ज लिहा.

दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) नोंदवून घेत नसतील तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वापरायचं. हद्दीचं कारण पुढे करून परत पाठवता येत नाही, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तरी नकार मिळाला तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर संबंधित पोलीस उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ही मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलेले अर्ज अडतात. कोर्टातल्या अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडावंच लागतं आणि अधीक्षकांना पाठवलेल्या टपालाची पावती दाखवावी लागते. ती पावती फेकू नका. टपालाच्या पावत्यांची शाई पुसट होत जाते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा.

लाच मागितली असेल तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर फोन करा. सापळा पैसे देण्याआधीच लावता येतो. दबावाखाली पैसे देऊन झाले असतील तर सात दिवसांच्या आत कळवणं अत्यावश्यक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याचं संरक्षण या सात दिवसांवर अवलंबून आहे. ‘महिनाभर विचार करत होतो’ म्हणणाऱ्याची अवस्था फार वाईट होते.

कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, नियम डावलून अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं आणि अधिकाराचा गंभीर गैरवापर या बाबी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जातात. २००६ च्या प्रकाश सिंह खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हे प्राधिकरण आलं. राज्यात त्याची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीने झाली. ‘उद्धट बोलले’, ‘तासभर ताटकळत ठेवलं’ या तक्रारी खऱ्या असल्या तरी इथे टिकत नाहीत. त्या अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात द्या आणि प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद न घालता टपालाने पाठवा.

मानवी हक्क आयोगाकडे अर्ज मराठीत चालतो, शुल्क नाही. मुदत मात्र घटनेपासून एक वर्ष, आणि इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहे. हे वर्ष घटनेच्या तारखेपासून मोजतात. ‘आधी एसपी साहेबांच्या उत्तराची वाट पाहू’ म्हणत वर्ष निघून जातं आणि अर्ज मुदतबाह्य ठरतो. राज्य आयोगात प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोग तेच प्रकरण घेत नाही. दोन्हीकडे पाठवून वजन वाढत नाही. निनावी, मोघम किंवा न्यायप्रविष्ट बाबींचे अर्जही तिथे नाकारले जातात.

याहून कडक मुदत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर (फौजदारी) खटला किंवा (दिवाणी) दावा दाखल करायचा तर तो सहा महिन्यांत करावा लागतो. शासनाची पूर्वपरवानगी असेल तर खटल्यासाठी दोन वर्षांपर्यंत वाव आहे. दाव्याआधी एक महिन्याची नोटीसही द्यावी लागते, म्हणजे हातात वेळ आणखी कमी. वकिलाकडे पहिल्याच भेटीत या कलमाचा विषय काढा.

आता अर्जाबद्दल. ‘पोलीस गुंडांसारखे वागतात, गरिबाला न्याय नाही’ ही वाक्यं कितीही खरी वाटली तरी त्यांची चौकशी होऊ शकत नाही. चौकशी होते ती अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तीने काय केलं याची. अधिकाऱ्याचं नाव माहीत नसतं ही नेहमीची अडचण. बक्कल नंबर (गणवेशावरचा पोलिसाचा क्रमांक), गाडीचा क्रमांक, खांद्यावरची पदचिन्हं आणि नेमकी वेळ लिहा. त्या वेळी ड्युटीवर कोण होतं हे ठाण्याच्या नोंदींवरून निघतं. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलंच पाहिजे असा कायदा आहे, त्यामुळे नावाची पाटी नव्हती हीदेखील तक्रारीत लिहिण्याजोगी बाब आहे.

बहुतेकांकडे नसतो तो कागद म्हणजे जखमांचा. मारहाणीनंतर लोक घाबरून घरीच हळद लावून बसतात किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून गोळ्या घेतात. वळ चार-सहा दिवसांत फिके पडतात, मग सांगण्यापुरतं काही उरत नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा, ‘पोलिसांनी मारलं’ असं स्पष्ट सांगा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी वैद्यकीय नोंद) करायला लावा. केस पेपरवर ‘पडल्यामुळे’ असं लिहिलं गेलं तर तिथेच दुरुस्त करून घ्या, नंतर ते बदलणं जवळपास अशक्य असतं. अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी होऊन त्या अहवालाची प्रत तिला मिळण्याचा हक्क आहे. प्रत मागा. न्यायालयापुढे उभं केल्यावर दंडाधिकाऱ्यांना जखमा दाखवा, तीही नोंद होते.

दुसरा पुरावा ठाण्यातलं सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रीकरण १८ महिने, तशी यंत्रणा उपलब्ध नसेल तर किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. आदेशाच्या भरवशावर राहू नका. दोन-चार दिवसांतच तारीख आणि वेळ देऊन ‘हे चित्रीकरण जतन करावे’ असा लेखी अर्ज ठाणे प्रभारी आणि अधीक्षक दोघांना द्या. नंतर ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं, तरी तुमचा तारखेचा अर्ज हाताशी असतो. सोबत माहिती अधिकारात स्टेशन डायरीची त्या दिवसाची नोंद मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस.

स्वतःच्या मोबाइलवरचं चित्रीकरण असेल तर मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत कोर्टात अडते; भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं.

बाकी जोडण्या साध्या: ओळखपत्राची प्रत, साक्षीदारांची नावं, आधीच्या अर्जांच्या पोच, प्रतिज्ञापत्र. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

चौकशीला बोलावलं की जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. साठ वर्षांवरील व्यक्ती आणि महिला यांना साक्षीदार म्हणून जबाब देण्यासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरीच घ्यावा लागतो. आणि ‘माझी तक्रार नाही, समाधान झाले’ असा मजकूर असलेला कागद कुणी समोर ठेवला, तर तो घरी नेऊन वाचतो असं सांगा. या एका सहीवर चालू चौकशा बंद होतात.