खुनाच्या तपासात डीएनए अहवाल रखडलाय? अर्ज कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांसह करायचा

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रयोगशाळेत अर्ज कसा करायचा? तसा अर्ज नसतोच. महाराष्ट्रातल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, म्हणजे मुंबईत कलिना इथली मुख्य आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथल्या प्रादेशिक, मुद्देमाल (जप्त केलेल्या वस्तू आणि नमुने) घेतात तो पोलिसांकडून किंवा न्यायालयाकडून, आणि अहवालही त्यांनाच पाठवतात. कलिन्याच्या फाटकावर जाऊन हाती काही लागत नाही. तुमचा अर्ज जातो तपास अधिकाऱ्याकडे.

अर्ज कोण करू शकतं

फिर्यादी किंवा पीडित. मृताच्या बाबतीत पालक आणि कायदेशीर वारस हे ‘पीडित’ या व्याख्येतच येतात. म्हणजे पत्नी, पती, मुलं, आई-वडील. मित्र किंवा शेजारी फिर्यादी असेल तरच त्याला हा हक्क. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) नुसार तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. फोनवर किंवा मेसेजवर कळवलं तरी चालतं. अर्जात या कलमाचा उल्लेख जरूर करा.

सोबत काय जोडायचं

एफआयआरची प्रत (फिर्यादीला आणि पीडिताला ती मोफत मिळते), तुमचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड किंवा जन्मदाखला, मृत्यू दाखला मिळाला असेल तर त्याची प्रत. तुमचं रक्त घेतलं असेल तर ती तारीख आणि रुग्णालयाचं नाव लिहा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. तोंडी ‘बघतो’ला काही अर्थ नसतो.

अर्जात काय विचारायचं

‘अहवाल कधी येणार’ एवढंच विचाराल तर उत्तर ‘आल्यावर कळवू’ हेच येईल. त्याऐवजी हे विचारा: मुद्देमाल कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला? प्रयोगशाळेने दिलेला प्रकरण क्रमांक काय? त्रुटीचं पत्र आलंय का? आरोपीचं आणि नातेवाइकांचं तुलनेसाठीचं रक्त गेलंय का?

शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. रक्ताळलेला शर्ट, चाकू, नखांचे तुकडे प्रयोगशाळेत पोचलेले असतात. पण ज्याच्याशी जुळवायचं तो नमुनाच नसेल तर पुढे काही होत नाही. पाकिटावरच्या लाखेच्या सीलचा ठसा सोबतच्या पत्रावरच्या नमुना सीलशी जुळला नाही, तरी खुलासा मागवला जातो. ही उत्तरं मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरमध्ये असतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका खटल्यात सांगितलं की नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला याची सलग नोंद हवी. त्यामुळे ‘पाठवलं’ एवढ्यावर समाधान मानू नका, तारीख मागा.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो: व्हिसेरा आणि डीएनए वेगळे. व्हिसेरा म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेले अवयवांचे भाग, तो विषबाधा शोधण्यासाठी असतो. एकाचा अहवाल आला म्हणजे दुसरा आला असं नाही.

रक्त द्यायला बोलावलं तर

मृतदेह कुजलेला असेल किंवा नुसती हाडं मिळाली असतील तर ओळख पटवायला आई-वडिलांचं रक्त सर्वांत उपयोगी. ते नसतील तर मुलांचं, शक्यतो दुसऱ्या पालकासह. भावंडांवरून निष्कर्ष तितका ठाम निघत नाही. रक्त देताना ओळख फॉर्म भरतात. त्यावर फोटो, सही किंवा अंगठा आणि साक्षीदार लागतात, म्हणून दोन फोटो आणि ओळखपत्र न्या. अलीकडे रक्त चढवलं असेल किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

हाडांना रक्ताच्या डागापेक्षा वेळ जास्त लागतो. वसईच्या तरुणीच्या दिल्लीतल्या खुनात अटक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. हाडं आणि केसांवर मायटोकॉन्ड्रियल डीएनए (आईकडून येणारा डीएनए) चाचणी हैदराबादच्या केंद्रीय संस्थेत करावी लागली आणि तो निष्कर्ष जानेवारी २०२३ मध्ये आला. एवढं गाजलेलं प्रकरण होतं, हे लक्षात घ्या.

९० दिवसांची भीती

खुनाच्या गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून (न्यायालयाने आरोपीला पहिल्यांदा कोठडीत पाठवल्यापासून) ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून पोलीस डीएनए अहवालाची वाट न पाहता दोषारोपपत्र पाठवतात आणि अहवाल मागाहून पुरवणी दोषारोपपत्रासोबत जोडतात. अहवालाशिवाय दोषारोपपत्र गेलं म्हणजे केस सोडून दिली, असं मुळीच नाही.

अहवालाची प्रत मिळवण्याचा खरा रस्ता इथून सुरू होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे दोषारोपपत्र आणि सोबतची कागदपत्रं पीडितालाही मिळतात, पण पीडिताने वकील दिलेला असेल तरच. या एका ओळीमुळे वकीलपत्र आधीच दाखल करून ठेवा. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

माहिती अधिकार चालतो का

थोडाफार. तपास चालू असताना अहवाल मागितला तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज), म्हणजे तपासात अडथळा येईल हे कारण, दाखवून नकार येण्याचीच शक्यता जास्त. पाठवल्याची तारीख आणि जावक क्रमांक एवढंच मागितलं तर नकार द्यायला जागा कमी राहते. महाराष्ट्रात फी १० रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. तपास अधिकारी दादच देत नसेल तर अर्जाच्या पोचेसह पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे जा आणि प्रयोगशाळेला प्राधान्याचं पत्र पाठवण्याची लेखी विनंती करा. खटला उभा राहिला असेल तर हीच विनंती सरकारी वकिलांमार्फत न्यायालयात करता येते.

अस्थी अंत्यविधीसाठी हव्या असतील तर त्याचा अर्ज मात्र पोलिसांकडे नाही, न्यायालयात करावा लागतो. त्या मुद्देमाल म्हणून जप्त असतात आणि डीएनए जुळला तरी आपोआप परत मिळत नाहीत.