आवाज येतोय, पण बोललेलं कळत नाही?

आमच्याकडं कान तपासायला येणारी निम्मी माणसं हेच सांगतात, "आवाज येतोय वो, पण काय बोलले ते कळत नाही." आणि शेजारी बसलेले घरचे म्हणतात, यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं. प्लीज असं म्हणू नका. त्यात त्या माणसाचा काहीच दोष नसतो. आवाज पकडायचं काम कानाचं, पण त्या आवाजातनं शब्द काढायचं काम मेंदूचं, आणि हे एकदा कळलं की कानाच्या मशीनकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही तेही कळतं, म्हणून हे पत्रक काढलंय.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक छोटी नळी असते, कॉक्लिया म्हणतात तिला. मेंदूकडं आवाज पाठवणाऱ्या मुख्य पेशी तिच्यात साधारण 3500 असतात, आणि एकदा मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत. बारीक, तीक्ष्ण आवाजाच्या पेशी नळीच्या तोंडाशी आणि जाड आवाजाच्या पार आत टोकाला. वयानं किंवा गोंगाटानं मार खातात त्या बहुतेक तोंडाजवळच्याच. इचलकरंजीत मागावर नाहीतर इकडं उद्यमनगरातल्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, काढली की ग्राफ बऱ्याचदा 4000 हर्ट्झच्या आसपास (हर्ट्झ म्हणजे आवाज किती बारीक ते मोजायचं माप, आकडा मोठा तेवढा आवाज बारीक) खाली पडलेला दिसतो, म्हणजे तिथं ऐकू कमी येतं. आता भाषेत काय होतं बघा, आ, ओ, ऊ हे स्वर जाड आवाजाचे, त्यांना जोर असतो, पण स, श, च, फ ही बारीक अक्षरं, स ची तर बरीचशी ताकद 4000 हर्ट्झच्या वरच असते. म्हणजे स्वर पोचतो आणि अक्षर गळतं. कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाली म्हणते "साठ" आणि यांना ऐकू येतं "आठ", मग दोघांचीही चिडचिड. आणि ओरडून बोललं की वाढतात ते स्वरच, स होता तिथंच राहतो, म्हणून ओरडून उपयोग नाही.

पुढचा प्रवास मेंदूत. कानाच्या नसेत साधारण 30,000 तंतू, ते आधी मेंदूच्या खोडात, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागात जातात. तिथं दोन्ही कानांचा आवाज जुळवून बघितला जातो, एका बाजूनं आलेला आवाज दुसऱ्या कानाला पोचायला जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास उशीर होतो आणि तेवढ्यावरनं मेंदू ओळखतो की कोण कुठनं बोलतंय. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारच्याचं बोलणं गर्दीतनं वेगळं काढता येतं ते बरंचसं यामुळंच. दोन्ही कान कमी असतील तर आम्ही दोन मशीन सुचवतो त्याचं कारण हे आहे, बिल वाढवायचं नाही.

खोडातनं आवाज वर चढत कानशिलाच्या आतल्या भागात, श्रवण केंद्रात पोचतो. तिथंही जाड-बारीक आवाजाचा कॉक्लियासारखाच नकाशा असतो. आणि त्याला लागून जो भाग आहे तिथं अक्षरांची निवड होते, फुटून येणारे प-ट-क कुठले, घासून येणारे स-श कुठले, नाकातले म-न कुठले. प आणि ब चंच घ्या. दोन्हीला ओठ सारखेच मिटतात, फरक एवढाच की ब ला घशातला कंप ओठ उघडायच्या आधीच सुरू होतो आणि प ला नंतर, म्हणजे एका सेकंदाच्या काही शतांश भागाचा खेळ, आणि तेवढ्यात मेंदू ठरवतो की समोरचा "पोट" म्हणाला का "बोट". आम्हाला हे रोज बघूनसुद्धा नवल वाटतं.

ही निवड मेंदू लहानपणीच शिकतो. 1984 साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात, पण वर्षाची होईपर्यंत बहुतेकांची ती ओळख जाते, कारण घरात ते कानावर पडतच नाही. म्हणून बाळ आवाजाला दचकत नसेल तर "बोलेल उशिरा, त्याचा बापपण उशिरा बोलला" म्हणत थांबू नका, बेरा टेस्ट करून घ्या, आवाज कानातनं मेंदूपर्यंत पोचतो का ते त्यात बघतात, बाळ झोपलेलं असतानाच होते ती.

मोठ्यांचंही तसंच. वर्षानुवर्षं बारीक आवाज पोचला नाही की मेंदूची सवय मोडते. मग मशीन लावल्या लावल्या फॅन, फ्रिज, ताटाचा आवाज सगळं अंगावर येतं आणि बरेच जण कंटाळून ते ड्रॉवरमध्ये टाकतात. तसं करू नका. मेंदूला काही आठवडे, कुणाकुणाला काही महिने लागतात, आणि मशीन फक्त लग्नाला घालून ती सवय होत नाही, रोज घाला, आधी घरात शांततेत, मग बाहेर. त्रास होत असेल तर सेटिंग बदलायला या, त्यासाठीच आम्ही बसलोय.

घरच्यांनी समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलायचं, स्वयंपाकघरातनं हाक मारून नाही. मेंदू ओठांकडंही बघत असतो, 1976 सालचा एक प्रयोग आहे, कानात "बा" आणि व्हिडिओत ओठ "गा" चे, तर बऱ्याच लोकांना ऐकू येतं "दा".

एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर मात्र आमच्याकडं येऊ नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा, तिथं उशीर चालत नाही. बाकी वेळी येताना जुना रिपोर्ट असला तर आणा, आणि घरात तुमच्याशी सगळ्यात जास्त जे बोलतं त्या माणसाला बरोबर घेऊन या, मशीनची ट्रायल आम्ही त्यांच्याच आवाजावर घेतो.