टाळण्याचं बक्षीस

सुरगाणा, पेठ, कळवणहून नाशिकला येऊन गंगापूर रोडला खोली करून राहणारी मुलं माझ्याकडे, म्हणजे विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञाकडे येतात, तेव्हा "मला भीती वाटते" असं क्वचितच म्हणतात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, वाचलेलं राहत नाही, अशा तक्रारी असतात. थोडं बोलल्यावर कळतं, महिनाभर प्रॅक्टिकलला पाय ठेवलेला नाही. एकदा चुकलं, मॅडमना काय सांगायचं म्हणून दुसऱ्यांदा गेलं नाही, आता गेट दिसलं तरी धडधडतं. घरचे म्हणतात, पोरगं आळशी झालं.

हा आळस नव्हे. "आज नको" असं ठरवताक्षणी धडधड थांबते. ही सुटका म्हणजे मेंदूला मिळालेलं बक्षीस, आणि ज्याला बक्षीस मिळतं ते वागणं बळावतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या परिभाषेत हे ऋण प्रबलन, म्हणजे त्रास हटल्यामुळे वागणं बळावणं. (ऋण म्हटलं की शिक्षा, असं मानसशास्त्राचे विद्यार्थीसुद्धा बिनदिक्कत लिहितात.) शिवाय न गेल्यामुळे मॅडम खरंच ओरडल्या असत्या का, हे कधी तपासलंच जात नाही. भीती शाबूत राहते.

उपचार म्हणून पायऱ्या पाडतो. आधी नुसतं लायब्ररीत बसायचं, मग मॅडमना मेसेज, मग मित्राबरोबर एक तास. प्रत्येक पायरीआधी काय होईल असं वाटतं ते लिहायचं, नंतर काय झालं तेही. दोन्हींतला फरक हेच औषध.

पण जुनी भीती पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवा अनुभव साठतो. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांत खाण्याशी जोडलेला आवाज खाणं न देता पुन्हापुन्हा ऐकवला की कुत्र्यांची लाळ थांबायची. मध्ये काही काळ गेला की त्याच आवाजाला ती परत सुटायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर किंवा निफाडला घरच्या द्राक्षतोडणीत आठवडा घालवून परतल्यावर मूल "सर, परत पहिल्यासारखं झालं" म्हणतं, ते यामुळे. उपचार फसलेले नसतात. एक-दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढायचं.

हे सगळ्यांना लागू नाही. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासण्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. नववा मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे होकार आला तर पायऱ्या बाजूला, आधी सुरक्षितता. गोळ्या आम्ही देत नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. रात्री-अपरात्री सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६.

एक अडचण मात्र आमच्याच खोलीत तयार होते. समुपदेशकाकडे बसणं प्रॅक्टिकलपेक्षा कितीतरी सोपं. नेमक्या त्याच तासाची वेळ मागणारी मुलं असतात, वर हजेरीसाठी चिठ्ठीही हवी असते. माया दाखवून ती दिली की टाळण्याला आपणच खतपाणी घालतो. म्हणून मी वेळ देतो ती प्रॅक्टिकल सुटल्यानंतरची.