गोव्यातली कॅथलिक मुलींची हायस्कूलं

गोव्यातली कॅथलिक मुलींची हायस्कूलं म्हणजे सिस्टर (नन) लोकांच्या संघांनी नाहीतर चर्चच्या शिक्षणसंस्थेने चालवलेल्या, साधारण पाचवी ते दहावीपर्यंतच्या, गोवा बोर्डाच्या आणि बहुतेक करून सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळा. पणजीचं मेरी इमॅक्युलेट, म्हापशाचं सेंट मेरीज, मडगावचं फातिमा कॉन्व्हेंट ही नावं इथे घराघरात माहीत असतात. संख्येने बघायला गेलं तर फक्त मुलींच्या शाळा गोव्यात थोड्याच, बाकीच्या बहुतेक शाळांत मुलगे-मुली एकत्रच शिकतात, पण वजन विचाराल तर या थोड्या शाळांचं वजन मोठं आहे, आणि ते काही फक्त ख्रिश्चन घरांपुरतं नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ख्रिश्चन लोकसंख्या २५ टक्क्यांच्या आसपास होती, तरी या शाळांच्या कुठल्याही वर्गाचा हजेरीपट काढून बघा, फर्नांडिस आणि डिसोझाच्या मध्येच नाईक, गावकर, शेख, पाटील अशी नावं सरमिसळ दिसतात. घरी मराठी बोलणाऱ्या, घरात गणपती आणणाऱ्या कितीतरी कुटुंबांतल्या मुली पिढ्यानपिढ्या सिस्टरांकडेच शिकल्यात.

मागचा इतिहास

मुली आणि कॉन्व्हेंट हे नातं गोव्यात जुनं आहे, पण सुरुवातीला त्याला शाळा म्हणता येणार नाही. जुन्या गोव्यात आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ साली सांता मोनिका हे जोगिणींचं, म्हणजे सिस्टरांचं, मोठं कॉन्व्हेंट सुरू केलं, आशियातल्या अगदी सुरुवातीच्या कॉन्व्हेंटांपैकी ते एक, आणि त्याच काळात अनाथ मुलींसाठी आसरेही निघाले. तिथे शिकायला मिळायचं ते प्रार्थना, शिवणकाम आणि थोडंफार वाचन, तेही मोजक्याच घरांतल्या मुलींना. पुढे पोर्तुगीज राजवटीत १८५४ मध्ये पणजीला लिसेव (पोर्तुगीज माध्यमिक शाळा) निघालं, १८८७ मध्ये हडफड्याला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी सेंट जोसेफ हे इंग्रजी शिकवणारं स्कूल काढलं, कारण नोकरीसाठी गोंयकार मुंबईला जायचे आणि तिथे इंग्रजीशिवाय भागत नव्हतं. मुलींना मात्र मॅट्रिकपर्यंत नेण्याचं काम खऱ्या अर्थाने विसाव्या शतकातच उभं राहिलं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि सगळं चित्रच पालटलं. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यामुळे चौथी पास झालेल्या मुलींची पहिली मोठी पिढी तयार झाली आणि आता पुढे कुठे हा प्रश्न घरोघरी आला. बरेच आईबाप मुलीला लांब, मुलांच्या शाळेत घालायला तयार नव्हते. पण ‘सिस्टरांची शाळा’ म्हटलं की आजीसुद्धा हो म्हणायची, आणि काही ठिकाणी कॉन्व्हेंटातच बोर्डिंग असल्याने लांबच्या गावातल्या मुलींचीही सोय झाली. १९७५ मध्ये गोव्याचं स्वतःचं माध्यमिक बोर्ड आलं, मग १९८४ चा शाळा कायदा आणि १९८६ चे नियम आले, अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून जायला लागले आणि फी सामान्य घराच्या आवाक्यात राहिली. २०११ मध्ये गोव्यातलं स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण ८४.६६ टक्के होतं. त्याचं श्रेय एकट्या या शाळांना देणं चुकीचं होईल, त्यात सरकारी मराठी शाळांचा वाटा मोठाच आहे, पण चौथीनंतर मुलीला घरी न बसवता दहावीपर्यंत नेण्यात सिस्टरांनी जे केलं ते मान्य करायलाच हवं.

मूल्यं

या शाळांच्या विचारामागे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ ला काढलेला ख्रिस्ती शिक्षणावरचा जाहीरनामा आहे. आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक, शाळा त्यांना मदत करणारी, आणि गरिबांकडे जास्त लक्ष द्यायचं, ही त्यातली मुख्य सूत्रं. शाळेच्या दारावरच्या बोधवाक्यात प्रेम, सेवा, सत्य असे शब्द असतात, ते वाचून फारसं काही कळत नाही, कळतं ते सकाळच्या असेंब्लीत. बेल झाली की सगळ्या मुली वर्गवार रांगा करून उभ्या, एक वर्ग त्या दिवशीची असेंब्ली घेतो, प्रार्थना होते, बायबलमधला एखादा उतारा किंवा बोधकथा वाचली जाते, मग सुविचार, बातम्या, वाढदिवस, राष्ट्रगीत. हे सगळं मुलींनी माईकवर करायचं आणि पाळीपाळीने प्रत्येकीने. पाचवीतली मुलगी पहिल्या दिवशी माईकसमोर उभी राहते तेव्हा पाय थरथरत असतात, आवाज फुटत नाही, बाजूची मैत्रीण हळूच पहिला शब्द सांगते, आणि तीच मुलगी नववीत गेल्यावर सहाशे-सातशे जणींसमोर कागद न बघता बोलते. माझ्या मते या शाळांनी गोव्यातल्या मुलींना जर काही सगळ्यात मोठं दिलं असेल तर ते हे, चारचौघांत उभं राहून बोलायची सवय.

धर्माचं काय, हा प्रश्न लोक विचारतातच. पद्धत अशी की कॅथलिक मुलींना दोत्रीनचा (कॅथलिक धर्मशिक्षणाचा) तास असतो आणि त्याच वेळेला बाकीच्या मुलींना मूल्यशिक्षण, म्हणजे पूर्वीचं मॉरल सायन्स. राज्यघटनेचं कलम ३० (१) अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं, पण सरकारी अनुदान घेतलं की कलम २९ (२) प्रमाणे फक्त धर्म, जात किंवा भाषेवरून कोणाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम २८ (३) प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय मुलीला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. व्यवहारात हे बऱ्यापैकी सुरळीत चालतं. ३ डिसेंबरला सांव फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, चांगली मोठी सुट्टी, शाळा उघडली की डब्यातून नेवऱ्या-लाडू येणार आणि नाताळानंतर दोदोल-बेबिंका, आणि सिस्टरला दोन्ही वेळी वाटा मिळणार.

शिस्त कडक. दोन वेण्या, ठरलेल्या रंगाची रिबन, पिनाफोरची लांबी, नखं, बूट, सगळं बघितलं जातं. गणवेशामुळे श्रीमंत-गरीब फरक झाकला जातो हे खरंच आहे, पण रिबनीवरून मुलीला पहिला तास वर्गाबाहेर ठेवणं हे जास्तच होतं, आणि हे आता बऱ्याच शाळांनी कमी केलंय ते चांगलंच झालं.

पाचवीची उडी

या शाळांबद्दल लिहिताना सगळ्यात कमी लिहिलं जातं ते पाचवीबद्दल, खरं तर सगळी गंमत आणि सगळा त्रास तिथेच आहे. १९९० मध्ये गोवा सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळांना अनुदान फक्त प्रादेशिक भाषांच्या माध्यमालाच, म्हणून चर्चच्या बऱ्याच प्राथमिक शाळा इंग्रजीवरून कोकणीवर आल्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरलं, त्यावरून भाषाप्रेमींचं मोठं आंदोलन झालं, तो वाद आजही धुमसतोय. पण या सगळ्यात मुलीच्या बाजूने बघा: चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून गणित, परिसर अभ्यास शिकलेली मुलगी जूनमध्ये कॉन्व्हेंटच्या पाचवीत येते आणि एका दिवसात सगळे विषय इंग्रजीत. तिला अपूर्णांक येतात, पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही, शेजारच्या बाकावर बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेली मुलगी असते, तिचा हात सारखा वर, आणि हिला वाटतं आपण ढ.

चांगली शाळा इथेच ओळखू येते. जिथे टीचर पहिले काही महिने मराठी-कोकणीत समजावून मग इंग्रजी शब्द देते, शाळा सुटल्यावर जादा तास ठेवते, मोठ्या वर्गातल्या मुलीला लहानीच्या मदतीला लावते, तिथल्या मुली सातवीपर्यंत बरोबरीला येतात. जिथे ‘कॅम्पसमध्ये फक्त इंग्रजीच बोलायचं’ असा नियम लावून मोकळं होतात, तिथे हुशार मुलीसुद्धा गप्प बसायला शिकतात. मराठी आणि कोकणी या शाळांत भाषा विषय म्हणून असतात, आणि त्या तासाला हीच गप्प मुलगी कविता म्हणायला पहिली उठते, हे कुठलीही भाषेची टीचर सांगेल.

सोयी

जुन्या इमारती चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं, लांब व्हरांडे, कोपऱ्यात सायबिणीची (मरियम मातेची) गुहेसारखी ग्रोटो आणि समोर ग्राउंड. नवीन भाग काँक्रिटचे. प्रयोगशाळा, लायब्ररी, कॉम्प्युटर लॅब आता जवळजवळ सगळीकडे असतात, स्मार्ट बोर्डही आलेत. सरकारच्या केअर्स योजनेतून सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स सुरू झालं, आणि मुलींच्या शाळेत याचा फायदा असा की मशीनला हात लावायला कोणी मुलगा पुढे घुसत नाही, सगळ्या वायरी मुलीच जोडतात. सरकारच्या बालरथ योजनेच्या बसगाड्या आहेत, त्यामुळे आतल्या वाड्यावरच्या मुली पावसाळ्यात वेळेवर पोचतात. आठवीपर्यंत मधल्या सुट्टीत आहार मिळतो, बहुतेक महिला बचत गटांकडून येणारी भाजी आणि पाव.

माझ्या मते मात्र कुठल्याही मुलींच्या शाळेची सोय बघायची असेल तर स्मार्ट बोर्ड नको, आधी टॉयलेट बघावं. पाणी आहे का, कडी लागते का, पॅड टाकायला डबा आहे का, स्टाफरूममध्ये न लाजता पॅड मागता येतं का. पाळीच्या दिवसांत मुली घरी राहिल्या की वर्षाचे कितीतरी दिवस बुडतात. या बाबतीत सिस्टरांच्या शाळा बऱ्याच आधीपासून पुढे होत्या, कारण शाळा चालवणाऱ्या बायकाच. दुसरी महत्त्वाची खोली म्हणजे काउन्सेलरची. गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना काउन्सेलर मिळतात आणि घरातली दारू, भांडणं, मोबाईलवरून होणारा त्रास या गोष्टी मुली टीचरला सांगत नाहीत त्या तिथे सांगतात.

खेळात फुटबॉल आलाच, तो गोव्याचा राज्य खेळ, शिवाय थ्रोबॉल, बास्केटबॉल, हॉकी. पावसात ग्राउंडचा चिखल होतो म्हणून सगळ्या स्पर्धांची गर्दी चवथीनंतर. चार हाऊस, चार रंग, आणि स्पोर्ट्स डेच्या मार्च-पास्टला शाळेचं स्वतःचं बँड, ढोल वाजवणारी मुलगी सगळ्यात पुढे.

वर्षाची प्रगती

दरवर्षी अॅन्युअल डेला हेडमिस्ट्रेस वार्षिक अहवाल वाचते. त्यात दहावीचा निकाल, डिस्टिंक्शन किती, खेळात कोण राज्य पातळीवर गेलं, कुठल्या टीचर निवृत्त झाल्या, कोणी देणगी दिली, नवीन काय बांधलं, हे ठरलेलं असतं. पालक टाळ्या वाजवतात त्या शंभर टक्के निकालाला. पण हा आकडा एकटा घेऊन काही समजत नाही. राज्याचा दहावीचा निकाल २०२१ मध्ये ९९.७२ टक्के लागला होता, कारण करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत गुणांवर निकाल लावला. मग २०२३ मध्ये ९६.६४, २०२४ मध्ये ९२.३८ आणि २०२५ मध्ये ९५.३५. म्हणजे अख्ख्या राज्याचाच निकाल ९२ च्या पुढे असेल तर शाळेच्या ९८ टक्क्यांत तिची स्वतःची कमाई किती, ते तिथे आलेल्या मुली कोण होत्या यावर ठरतं. त्यात खेळाडू मुलींना बोर्डाकडून क्रीडा गुण मिळतात, काठावरच्या कितीतरी जणी त्यावर पास होतात, आणि त्यात काही वावगं नाही, वर्षभर उन्हात घाम गाळलेला असतो.

खरी प्रगती बघायची तर पाचवीत आलेल्या साठ मुलींपैकी दहावीला त्याच शाळेतून किती बसल्या हे विचारावं. नववीत नापास करून किंवा ‘दुसरी शाळा बघा’ सांगून दहावीचा निकाल स्वच्छ ठेवणं कुठल्याही शाळेला सोपं आहे. जी शाळा पस्तीस टक्क्यांवाल्या मुलीला दोन वर्षं धरून ठेवते, तिच्यासाठी फेब्रुवारीत संध्याकाळी सहापर्यंत थांबते, तिचा निकाल कदाचित शंभर लागणार नाही, पण मी माझी मुलगी तिथे घालीन.

अलीकडे दोन मोठे बदल झाले. २०२४-२५ पासून नववीला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं, त्यात व्यवसाय शिक्षणाला जास्त जागा आली आणि टीचरांना स्वतःच नव्याने शिकावं लागलं. आणि २०२५ मध्ये सहावी ते दहावीचं वर्ष जूनऐवजी ७ एप्रिललाच सुरू झालं, उन्हाच्या कारणावरून पालकांनी बराच विरोध केला, तरी झालं.

दहावीनंतर बऱ्याच कॉन्व्हेंटांत पुढचे वर्ग नसतात, मग मुली एकत्र शिकणाऱ्या हायर सेकंडरीत जातात. मुलींच्याच कॉलेजात जायचं असेल तर नुवेंचं कार्मेल कॉलेज आहे, १९६४ साली सिस्टरांनीच काढलेलं. अहवालात मात्र दहावीच्या पुढचं काहीच नसतं. अकरावीत कोण टिकली, कोणी मध्येच सोडून मॉलमध्ये काम धरलं, कोण नर्सिंगला गेली, ही माहिती माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळी असते. ती गोळा करून अहवालात दोन पानं घालायला कुठल्याही शाळेला जड जाऊ नये.