आघातसजग समाजकार्य (बेळगाव सीमाभाग)

आघातसजग समाजकार्य म्हणजे हिंसा, लैंगिक शोषण किंवा दीर्घकाळची मानहानी सोसलेल्या व्यक्तीला मदत करताना त्या मदतीनेच पुन्हा जखम होऊ नये, हे पाहणारी कार्यपद्धती. अमेरिकेत मॅक्सीन हॅरिस व रॉजर फॅलट यांनी २००१ मध्ये सेवायंत्रणांसाठी तिची मांडणी केली. सुरक्षितता, विश्वास, समदुःखींचा आधार, सहकार्य, निवडीचा अधिकार आणि संस्कृती-लिंगभावाचे भान ही तिची प्रचलित सहा तत्त्वे. आंतरराष्ट्रीय समाजकार्य महासंघाच्या २०१४ च्या व्याख्येत सामाजिक न्याय व मानवी हक्क केंद्रस्थानी आहेत. आघाताचे भान आणि हक्कांची बाजू एकमेकांपासून वेगळी काढली की समुपदेशन उरते, हक्क राहून जातो.

बेळगाव जिल्ह्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला ‘सोडलेल्या’, म्हणजे देवदासी केलेल्या बायकांच्या बाबतीत. यातल्या बहुतेक दलित कुटुंबांतल्या. मुलगी वयात येण्याआधीच गळ्यात मणी बांधले जात. कर्नाटकाच्या १९८२ च्या कायद्याने देवदासी सोडणे गुन्हा ठरवले, आणि सोडणारे आईवडील असतील तर शिक्षा इतरांपेक्षा जास्त ठेवली. म्हणजे तक्रार द्यायची तर ती बहुधा आईविरुद्धच. कार्यकर्तीने पहिल्याच भेटीत ‘कुणी सोडलं?’ असे विचारले, तर समोरची बाई गप्प होते. त्या गप्पपणाला असहकार म्हणणे हा अडाणीपणा आहे.

दुसरी अडचण कागदांची. निवृत्तिवेतन, घरकुल यांसाठी सरकारी सर्वेक्षणाच्या यादीत नाव लागते. नाव सुटलेल्या बाईला आपण देवदासी होतो हे टेबलाटेबलावर सांगत फिरावे लागते, तेही इतर लोक ऐकत असताना. हकिगत एकदाच, बंद खोलीत, तिच्या संमतीने लिहून घेणे आणि पुढची धावपळ कार्यकर्तीने करणे, हा साधा उपाय. मुलांच्या अर्जातला वडिलांच्या नावाचा रकानाही तितकाच बोचतो.

समदुःखींच्या आधाराचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. माजी देवदासींनीच चालवलेली ‘मास’ ही संस्था जिल्ह्यात १९९७ पासून काम करते. सहा तत्त्वांची यादी इकडे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून.

निपाणी, खानापूर, बेळगाव भागात भाषेचाही प्रश्न येतो. घरात मराठी बोलणाऱ्या बाईचा जबाब कन्नडमध्ये उतरतो आणि न वाचताच तिचा अंगठा घेतला जातो. गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिला आहे. सीमावादाची बाजू न घेताही तो बजावता येतो. दोन्ही भाषा येणारी कार्यकर्ती सोबत असली, तर जबाब तिथल्या तिथे मराठीत वाचून घेता येतो.