नाशिकच्या स्वतंत्र डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्म

स्वतंत्र डॉक्युमेंटरी किंवा शॉर्ट फिल्म म्हणजे जिच्यामागे कुठलं बॅनर, चॅनल किंवा सरकारी खातं नसतं, पैसा स्वतःचा नाहीतर मित्रमंडळींकडून जमवलेला असतो आणि काय दाखवायचं, कुठे थांबायचं हे बनवणाराच ठरवतो. डॉक्युमेंटरीला जुने लोक माहितीपट किंवा अनुबोधपट म्हणतात, कारण १९४८ ला सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी खात्याचे माहितीपट थिएटरात मेन पिक्चरच्या आधी लागायचे. शॉर्ट फिल्ममध्ये गोष्ट रचलेली असू शकते, ऑस्करच्या नियमात लांबी ४० मिनिटांपर्यंत धरतात.

नाशिक जिल्ह्यात या फिल्म्सचे दोन विषय सारखे भेटतात, संघर्ष आणि घर, आणि खरं तर ते दोन विषय नाहीतच. मोर्चात चालणारी बाई घरी कुणाच्या भरवशावर पोरं ठेवून आली हे कळल्याशिवाय तो मोर्चा पूर्ण कळत नाही.

घर आणि सिनेमा यांचं नातं इथे जुनं आहे. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिताश्व झाला होता आणि पत्नी सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक सांभाळून फिल्मचं तांत्रिक काम पण करायच्या. त्याच्याही आधी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून कॅमेऱ्यात पकडली होती. रोज तेच रोप, तीच जागा, आणि धीर. डॉक्युमेंटरीवाल्याला आजही हेच करावं लागतं.

संघर्षाची परंपराही इथलीच. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, त्यामुळे वस्तीवर शूट करताना कुणीतरी त्यांचं गाणं म्हणतंच, आणि ते पार्श्वसंगीत म्हणून वरून चिकटवण्यापेक्षा म्हणणाऱ्या माणसासकट ठेवावं, कारण गाणं त्या घराचं असतं.

मोबाइलवर शूट करणारी पिढी इथे ठळकपणे दिसली ती किसान लाँग मार्चमध्ये. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला हा मोर्चा साधारण १८० किलोमीटर चालून १२ तारखेला आझाद मैदानात पोहोचला, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी खूप होते आणि मुख्य मागण्यांमध्ये वनहक्क कायद्याप्रमाणे कसत्या जमिनी नावावर करणं ही होती. मुंबईत दहावीची परीक्षा होती म्हणून पोरांना त्रास नको म्हणत हे लोक शेवटचा टप्पा रात्रीच चालले. फुटलेल्या टाचांचे फोटो देशभर गेले. पण बातमी टाचेपाशी संपली, आणि फिल्मचं काम तिथूनच सुरू होतं, म्हणजे ती टाच परत गावी गेल्यावर सातबारा हातात आला का, सून काय म्हणाली, पोरगा परत द्राक्षाच्या कामाला निफाडला गेला का.

द्राक्षाचंच घ्या. छाटणी ऑक्टोबरच्या आसपास आणि तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे मजूर कुटुंबाची गोष्ट नीट सांगायची तर चार-पाच महिने तरी जावं लागतं, सुरुवातीला दोन-तीन फेऱ्या कॅमेरा पिशवीतच ठेवावा, चहा घ्यावा, आजीशी बोलावं. कांद्याच्या चाळीत किंवा लासलगावच्या लिलावात आवाजाचे हाल होतात, ट्रॅक्टर, वारा, बोली सगळं एकदम, म्हणून कॉलरचा माइक कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाचा.

मालेगावचा बाज वेगळा. यंत्रमागावर राबणाऱ्या लोकांनी तिथे गाजलेल्या पिक्चरच्या नकला गमतीने आणि जिद्दीने बनवल्या, त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी केली आणि तिच्यात गरिबी कुठेही दया मागत उभी राहत नाही.

दाखवण्याचा प्रश्न मात्र कायमचा. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ प्रमाणे थिएटरात लावायला डॉक्युमेंटरीलाही सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, मुंबईचा मिफ हा डॉक्युमेंटरी-शॉर्ट फिल्मचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून आहे पण तिथे निवड व्हावी लागते, बाकी मग यूट्यूब, कॉलेजचा हॉल, नाहीतर समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर. फिल्म सगळ्यात आधी त्याच घरातल्यांना दाखवावी असं मला ठामपणे वाटतं, लिंक पाठवून नाही, समोर बसून, कारण नवऱ्याच्या दारूबद्दल किंवा कर्जाबद्दल बोललेली बाई दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत पाणी भरायला जाणार असते आणि तो भाग काढा असं ती म्हणाली तर तो कितीही भारी शॉट असो, काढायचा.