कलोसल स्क्विड आणि ऑर्का: मोठा कोण, या वादाची पार्श्वभूमी

कलोसल स्क्विड मोठा की ऑर्का, असा वाद घातला जातो. त्यातला ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, दर्यावर्दींना शतकानुशतके ठाऊक होता. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले तेही डॉल्फिनांच्या गटात, आणि ते योग्यच होते. श्वासासाठी पाण्यावर यावेच लागत असल्याने तो माणसाच्या नजरेस पडत राहिला.

कलोसल स्क्विडचे तसे नाही. कोकणातल्या बाजारात मिळणाऱ्या माकुलाचा हा दूरचा नातलग अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराच्या खोल, गारठलेल्या पाण्यात राहतो. १९२५ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ गाय रॉबसन यांनी त्याचे पहिले वर्णन केले, ते स्पर्म व्हेल या देवमाशाच्या पोटात सापडलेल्या बाहूंच्या अवशेषांवरून. पुढची कित्येक दशके त्याच्याविषयी जे कळले, ते बरेचसे असेच देवमाशांच्या पोटातून निघालेल्या त्याच्या कठीण चोचींवरून.

फेब्रुवारी २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात न्यूझीलंडची एक बोट टूथफिश या मोठ्या माशासाठी सोडलेली गळांची दोरी वर ओढत होती. गळाला लागलेला मासा खातखात एक स्क्विड दोरीबरोबर वर आला. वजन भरले ४९५ किलो. लांबी १० मीटर असल्याची बातमी जगभर गेली. पण २००८ साली वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात गोठवलेल्या त्या स्क्विडचा बर्फ वितळवून मोजले, तेव्हा ती ४.२ मीटर निघाली. मेलेल्या स्क्विडची लांब शुंडके आकसतात आणि ओढली तर ताणलीही जातात. त्यामुळे लांबीवरून केलेली तुलना मला मुळातच चुकीची वाटते. वजन पाहावे: पूर्ण वाढलेला नर ऑर्का सहज पाच-सहा टनांचा, या स्क्विडच्या दहापट. डोळ्यात मात्र स्क्विड सरस. त्या नमुन्याच्या डोळ्याचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर होता, अंधारात राहणाऱ्या जिवाला साजेसा.

या दोघांच्या झुंजीच्या कल्पित चित्रांपेक्षा महत्त्वाचा धागा आहे तो टूथफिशचा. रॉस समुद्रातल्या बर्फाच्या कडेला वावरणारे 'टाइप सी' प्रकारचे ऑर्काही हाच मासा खातात. माणूसही त्याच माशामागे आहे, हे विसरून चालणार नाही. डिसेंबर २०१७ पासून रॉस समुद्राचा मोठा भाग संरक्षित झाला, तरी टूथफिशची मासेमारी पूर्ण थांबलेली नाही.

जिवंत कलोसल स्क्विड त्याच्या खोल पाण्यातल्या घरी पहिल्यांदा चित्रित झाला तो थेट मार्च २०२५ मध्ये, दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ सँडविच बेटांजवळ, सुमारे ६०० मीटर खोलीवर. ते जेमतेम ३० सेंटिमीटरचे, काचेसारखे पारदर्शक पिल्लू होते.